कचरापट्टीवर उगवलेले रान

आपल्या समाजात प्रवास म्हटला की तारखा ठरलेल्या. 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 20 मार्चला महाड, दसऱ्याला दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला चैत्यभूमी. लेकरे कडेवर घेऊन, भाकरी बांधून आपण जातो आणि अभिमानाने जातो. परंतु नुसते पाय मोकळे करायला, सावलीत बसायला म्हणून आपले कुटुंब घराबाहेर पडले, असे क्वचितच घडते. रविवार आला की धुण्याचा ढीग असतो, नाहीतर ओव्हरटाइम. मुलांनी हट्ट धरलाच, तर पाण्याच्या खेळांच्या बागेचे तिकीट ऐकून घरचा कर्ता माणूस गप्प बसतो.

म्हणून आमच्या महिला मंडळाने ठरवले की विहारातील रविवारच्या वर्गाची मुले घेऊन एक दिवस बाहेर काढायचा, आणि खर्च बसभाड्याच्या फार पुढे जाऊ द्यायचा नाही. जागा सुचली ती महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची, म्हणजे पुष्कळांना माहीत असलेल्या माहीम नेचर पार्कची. नाव निघताच बायकांत हशा पिकला. "धारावीत कसलं आलंय जंगल?"

सव्वीस मुले, सात बायका आणि एक आजोबा असे आम्ही निघालो. आजोबा नातवावर लक्ष ठेवायला आले होते. वय पंचाहत्तरीचे, पण पाठ ताठ. शीवहून बसने धारावी आगाराजवळ उतरलो आणि वाहनांच्या त्या गोंगाटातून फाटकाच्या आत शिरलो. दहा पावलांत आवाज मागे पडला. अंगाला गारवा लागला. मुले आपोआप हळू बोलू लागली.

आजोबा मात्र फाटकापाशीच थबकले. इकडे पाहिले, मिठी नदीच्या बाजूला पाहिले. म्हणाले, "हीच ती."

"कोणती, बाबा?"

"आमची कचरापट्टी."

हे खरेच आहे. आज जिथे सदतीस एकरांवर झाडी उभी आहे, तिथे 1977 पर्यंत मुंबईचा कचरा पडत होता. नंतर त्यावर मातीचा थर टाकण्यात आला. 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते लागवडीला आरंभ झाला आणि 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी उघडले. कचरा पुरला म्हणून तो लगेच शांत होत नाही. आत कुजत राहतो, तापतो, वायू सोडतो. अशा जमिनीत आधी चिवट झाडे लावावी लागतात. त्यांचा पाला पडतो, कुजतो, माती होते, गांडुळे येतात. मग पाखरे फळे खाऊन बिया टाकतात आणि माणसाने न लावलेलेही उगवू लागते.

आजोबा 1973 साली कचरा खात्यात मोटर लोडर म्हणून लागले होते. गाडीवर उभे राहून यायचे आणि फावड्या-टोपल्यांनी गाडी रिकामी करायची. पायात गमबूट नाहीत, नाकाला रुमाल. "घरी दोनदा अंघोळ करायचो, तरी हाताचा वास भातात उतरायचा," ते म्हणाले. त्यांच्या गाडीवरचे चौघेही आपल्याच समाजाचे. शहराची घाण कोणी उचलायची हे या देशात भरतीच्या आधीच ठरलेले असते. बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ उभारला तो उगीच नव्हे.

नातवाच्या आईने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, की पोराने शाळेत "आजोबा म्युनिसिपालटीच्या हापिसात होते" असे सांगून ठेवले आहे. घरातही हा विषय कोणी काढत नाही. आम्ही काहीच बोललो नाही. पोराला रागवावे असे त्यात नव्हते. असे खोटे आमच्यापैकी कितीजणींनी शाळेत सांगितले आहे, हे आमचे आम्हाला ठाऊक!

पुढे पिंपळ लागला. मुलांनी वर्गात बोधिवृक्ष शिकलेला, तेव्हा हात जोडले. एका आक्काने मिस्किलपणे विचारले, "वडाला फेऱ्या मारायचं सोडलं आणि आता पिंपळाला हात का?" मग आम्ही मुलांना सांगितले की झाडाला नवस बोलायचा नाही, सावलीशी मात्र आपले भांडण नाही. सम्राट अशोकाने वाटसरूंसाठी रस्त्याकडेला वड लावल्याचे आपल्या स्तंभलेखात कोरवून ठेवले आहे.

नदीच्या बाजूला तिवरांची झाडे आहेत. चिखलातून काड्यांसारखी मुळे वर आलेली. गुदमरणाऱ्या चिखलात ती त्यांतून श्वास घेतात. पाण्याला वास होता, तो लपत नाही. पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती चमकत होत्या. मधल्या चिखलात एक बगळा एकाग्र उभा. मुलांनी इमारतींकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिथेच नातवाने विचारले, "आजोबा, गाडी कुठं लावायचा तुम्ही?"

आजोबांनी हात दाखवला. मग खाली बसून त्यांनी पायाखालची माती बोटाने उकरली. काळी, भुसभुशीत माती. हुंगली. "वास गेला," एवढेच म्हणाले. पोरानेही चिमूटभर घेऊन हुंगली. थोड्या वेळाने तो पुढच्या मुलांना सांगत होता, "ही सगळी जमीन माझ्या आजोबांच्या गाडीनं भरलीय. खाली कचरा आहे, खरंच!" एकाने विश्वास ठेवला नाही, तर त्याला तो आजोबांपुढे घेऊन आला. आम्ही वाचलेल्या फलकांवर झाडांची नावे होती. गाडी रिकामी करणाऱ्यांबद्दल एक ओळही दिसली नाही. ते काम त्या दिवशी पोराने केले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी लवकर जावे, पाण्याची बाटली न्यावी आणि डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डबा कुठे खायचा ते फाटकावरच विचारून घ्यावे. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत. फुलपाखरे पाहायची तर पावसाळा सरता सरता जावे. आमचे मंडळ तेव्हा पुन्हा जाणार आहे. आजोबांनी आपल्या जुन्या गाडीवरच्या एका सोबत्याला आत्ताच निरोप धाडला आहे.