लाटेचा पत्ता सांगायचा का?

सर्फिंगच्या फिल्म्स म्हणजे नुसतं निळं पाणी आणि स्टंट नव्हे. कॅमेरा एखाद्या किनाऱ्यावर पोचला की त्या किनाऱ्याचं काय होतं, हेही या फिल्म्स सांगतात. आपल्या हातातही कॅमेरा आहे, म्हणून ही गोष्ट आपलीसुद्धा.

समुद्रावर गेलो की चपला काढायच्या आधी फोन बाहेर येतो. पाय भिजवणारी लाट, सूर्यास्त, वर एखादं ट्रेंडिंग गाणं आणि सगळ्यात शेवटी लोकेशन टॅग. आपण तो टॅग सहज टाकतो. सर्फर मंडळी मात्र त्याच एका गोष्टीवरून कित्येक वर्षं भांडतायत. चांगली लाट कुठे फुटते हे जगाला सांगायचं की नाही? अनेक जण लाट दाखवतात, पण पत्ता सांगत नाहीत. त्यामागे अनुभव आहे.

सुरुवात करावी लागते ती 'द एन्डलेस समर'पासून. कॅलिफोर्नियाचा ब्रूस ब्राऊन माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट या दोन तरुण सर्फर्सना घेऊन निघाला. कल्पना एकदम साधी होती : उन्हाळ्याच्या मागे मागे पृथ्वीभर फिरायचं, म्हणजे हिवाळा येणारच नाही! १६ एमएमचा कॅमेरा, छोटंसं बजेट आणि निवेदनाला ब्रूसचाच आवाज. समुद्रापासून लांब राहणारा माणूस हे कशाला बघेल, असं वितरकांचं म्हणणं पडलं. मग ब्रूसने ऐन हिवाळ्यात, जिथून समुद्र शेकडो मैल लांब आहे अशा कॅन्सास राज्यातल्या विचिटा शहरात फिल्म लावली. लोकांनी रांगा लावल्या. १९६६ मध्ये फिल्म न्यूयॉर्कला पोचली आणि पुढे जगभर गेली. २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत तिला जागा मिळाली.

या फिल्ममध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप सेंट फ्रान्सिसची लाट आहे. आखून काढावी तशी, संपता संपत नाही अशी. ब्रूसच्या नावावरून तिथल्या लाटेला आज 'ब्रूसेस ब्यूटीज' म्हणतात. पण आता त्या भागात घरं आहेत, बंगले आहेत. वाऱ्यासोबत सरकत समुद्राकडे जाणाऱ्या वाळूच्या टेकड्या झाडं लावून जागच्या जागी बांधून टाकल्या गेल्या. समुद्राला मिळणारी वाळू आटली आणि शेजारच्या सेंट फ्रान्सिस बे गावाचा किनारा झिजू लागला. हे काही फिल्ममुळे झालं नाही. पण 'अस्पर्श किनारा' म्हणून जे पडद्यावर दिसतं, ते किती दिवस तसं राहील याची गॅरंटी कुणीच देत नाही, एवढं नक्की.

बालीमधल्या उलुवातूची गोष्ट याहून थेट. ऑस्ट्रेलियाच्या अल्बी फाल्झनने 'मॉर्निंग ऑफ द अर्थ' (१९७२) साठी तिथे शूटिंग केलं. कड्यावर मंदिर, खाली गुहा, गुहेतून उतरलं की समुद्र. शाळकरी वयाचा स्टीव्हन कूनी आणि त्याच्यासोबत रस्टी मिलर, पाण्यात दोघंच. फिल्ममध्ये निवेदन नाही, फक्त संगीत आणि समुद्र. आज त्याच कड्यावर हॉटेलं आणि कॅफे दाटीने उभे आहेत. गावातल्या लोकांना रोजगार मिळाला हे खरं, आणि ती शांतता गेली हेही खरं. यातली एकच बाजू सांगणारी फिल्म अर्धीच.

जुगाड आणि हात

या फिल्म्स बघताना आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे हाताने केलेलं काम. जॉर्ज ग्रीनोला लाट आतून कशी दिसते हे दाखवायचं होतं. तयार साधन नव्हतं. मग पठ्ठ्याने कॅमेऱ्यासाठी वॉटरप्रूफ पेटी स्वतः तयार केली, ते अवजड धूड पाठीवर बांधलं आणि लाटेच्या पोकळीत घुसला. आज गोप्रो लावून जे पाच मिनिटांत होतं, ते त्याने १९७० च्या आसपास असं केलं. त्याची दृश्यं 'क्रिस्टल व्हॉयेजर' (१९७३) च्या शेवटच्या भागात आहेत आणि मागे पिंक फ्लॉइडचं 'एकोज' वाजतं. बँडने गाणं दिलं, बदल्यात ती दृश्यं आपल्या कॉन्सर्टमध्ये वापरली. कोलॅब म्हणतात ते हेच की!

कारागिरी बोर्डातही असते. मुळात सर्फिंग हवाईचं. तिथल्या भाषेत 'हेए नालु'. तिथले लोक झाडं निवडून, तासून लाकडी बोर्ड बनवायचे. एकोणिसाव्या शतकात आलेल्या मिशनऱ्यांना हे प्रकार रुचले नाहीत आणि बरंच काही मागे पडलं. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये जुने, पातळ, फिन नसलेले 'अलाया' बोर्ड आहेत. ते पाहून ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या टॉम वेगेनरने तसे बोर्ड पुन्हा घडवले आणि पाण्यात उतरवले. थॉमस कॅम्पबेलच्या 'द प्रेझेंट' (२००९) मध्ये अलायावरचं सर्फिंग दिसतं. म्युझियममधली वस्तू पुन्हा लाटेवर आली.

आणि वेळ कमी असेल तर मिकी स्मिथची 'डार्क साइड ऑफ द लेन्स' (२०१०) बघा. जेमतेम सहा मिनिटं. आयर्लंडचा थंडगार किनारा, काळपट पाणी, ढगाळ आकाश. सर्फिंगच्या फोटोंमध्ये कधीच न दिसणारा माणूस म्हणजे फोटोग्राफर, तो इथे स्वतःच्या आवाजात बोलतो. हे काम मी का करतो, यातून पैसा किती मिळतो आणि मिळतं ते नेमकं काय. करिअरबद्दल घरच्यांशी वाद चालू असेल, तर ही सहा मिनिटं जास्तच भिडतात.

कॅमेरा वाचवतोही

मग शूटच करायचं नाही का? तर तसंही नाही. चिलीच्या पुंता दे लोबोस इथला रामोन नावारो हा मच्छीमाराचा मुलगा. हवाईतल्या मानाच्या एडी आयकाऊ स्पर्धेत २००९ साली त्याने एका लाटेवर शंभरपैकी शंभर गुण घेतले. त्याच्यावरची 'द फिशरमन्स सन' (२०१५) अर्ध्या तासात उरकते. पण ती फक्त त्या एका लाटेबद्दल नाही. बाप समुद्रातून काय आणतो, किनाऱ्यावर बांधकाम आलं तर गावाचं काय होईल, हे त्यात आहे. ही फिल्म किनारा वाचवण्याच्या मोहिमेचा भाग बनली आणि पुढे निधी उभारून कड्यावरची जमीन संवर्धनासाठी राखली गेली. इथे पत्ता लपवलेला नाही. उलट ठळक सांगितलाय. फरक इतकाच, की सांगणारा तिथला आहे आणि फिल्म संपल्यावरही तो तिथेच राहणार आहे.

आपल्याकडेही एक धागा सापडतो. मुंबईची इशिता मालवीय मणिपालला शिकायला गेली आणि तिथे सर्फिंग शिकली. मित्रासोबत तिने उडुपीजवळच्या कोडी बेंग्रे या मच्छीमारांच्या गावात 'शाका सर्फ क्लब' सुरू केला. भारताची पहिली महिला सर्फर म्हणून तिची ओळख झाली आणि तिच्यावर 'बियाँड द सर्फेस' ही फिल्म आली. कॅमेरा पोचण्याआधी तिची त्या गावाशी ओळख झाली होती. हा क्रम महत्त्वाचा.

आता कोकणाकडे बघा. आपल्याकडे सर्फिंग फार नाही, पण विषयांचा तोटा नाही. मालवणच्या बाजूला अजून रापण लागते. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं, मग दोन्ही टोकांनी डझनावारी माणसांनी ते ओढायचं आणि शेवटी वाटे घालायचे. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे हे लोक हवालदिल झालेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर असतात आणि माणसांना बोलायला जरा वेळ असतो. यावर रील होतं तीस सेकंदांचं : जाळं, घाम, ड्रोन शॉट, संपलं. सहा मिनिटांची फिल्म करायची तर मात्र दोन-चार वेळा जावं लागेल, पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेवावा लागेल, आणि कदाचित दोराला हातही लावावा लागेल.

आणि लोकेशन टॅगचं काय? त्याचं एकच एक उत्तर नाही. पण पोस्ट करायच्या आधी एक करता येईल. फिल्म आधी त्या गावातच दाखवायची. कुणाच्या तरी अंगणात, पांढरी चादर लावून. मग पत्ता सांगायचा की नाही, ते रापणकाकांनाच विचारायचं.