कडबा, नांगर आणि किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावी आले. बंधू रामुअण्णांसह सुरू केलेले सायकलींचे दुकान तेथे होतेच.

तेथेच ते शेतीची अवजारे बनवू लागले. पहिले यशस्वी अवजार कडबा कापण्याचे. अख्खी पेंडी टाकली की गुरे पाला खातात आणि बुडखे तुडवून टाकतात. बराच चारा वाया जातो. या यंत्राच्या जड चाकाला पाती जोडलेली असतात. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने पन्हळातून कडबा पुढे सरकवायचा. बारीक तुकडे झाल्यावर गुरे तो सगळा खातात.

१९०३ मध्ये लोखंडी नांगर आला, आणि लक्ष्मणरावांची खरी कसोटी इथेच लागली. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खालून काप घेतो, मागचा वळणदार पंखा ढेप उलथी करतो. हराळीची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. काळ्या रानात याचे मोल फार. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. पहिली विक्री व्हायला दोन वर्षे लागली. फाळ टिकत नाहीत अशी तक्रार आली, तेव्हा ओतिवाचे मिश्रण बदलून त्यांनी ते टणक केले. शेतकऱ्याच्या तक्रारीवरून माल सुधारण्याची ही सवय त्यांच्या कल्पकतेइतकीच मोलाची होती.

बेळगावच्या कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये निवडुंग तोडून तेथे किर्लोस्करवाडी वसली. रामुअण्णांनी वस्तीचा कारभार पाहिला, शंभुराव जांभेकरांनी यंत्रांचा. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड स्थापन झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप असा पसारा वाढत गेला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. माळव्यात देवासलाही पुढे कंपनीचा पंपांचा कारखाना उभा राहिला.