टॅब्लेटचा पडदा बोटाच्या मापाने बेतून घ्या

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजार परिसरात संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड उडालेली असते. समजा, तेथील एखाद्या कापड दुकानदाराने बिलवही सोडून टॅब्लेट घेतला. ऐन गर्दीत बोट शेजारच्या खुणेवर पडते, ९०० चे ९० होतात, नाहीतर तयार बिलच पुसले जाते. चार दिवसांत यंत्र कपाटात जाते आणि दुकानदार म्हणतो, "आपल्याला हे जमत नाही." वास्तविक दोष त्याच्या बोटाचा नसतो. ज्याने पडदा आखला त्याने माप घेतलेले नसते.

बिलाचे सॉफ्टवेअर बनविणारा बहुधा मोठ्या संगणकासमोर बसून, माऊस हातात धरून काम करतो. माऊसच्या बाणाचे टोक सुईसारखे असते, बोटाचे तसे नाही. शिवाय बोट खाली आले की त्याखालची अक्षरे झाकली जातात. माऊसचा बाण नुसता वर नेला तरी माहिती दिसते, बोटाला ती सवलत नाही.

मग बटण केवढे असावे? अँड्रॉइड बनविणाऱ्या गूगल कंपनीने सुमारे ९ मिलिमीटरचे माप सांगितले आहे. आपल्या शिंपी बांधवांना हे लगेच कळेल: शर्टाच्या कॉलरला लागते त्या लहान बटणाएवढे हे माप झाले. गर्दीच्या दुकानात मात्र पुढच्या पट्टीचे ११ मिलिमीटरचे बटण धरावे, असे आमचे मत आहे. शेजारच्या दोन बटणांत दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा हवीच. 'बिल छापा' आणि 'बिल रद्द' ही बटणे तर एकमेकांपासून जितकी दूर तितकी बरी. "खात्री आहे का?" असा प्रश्न प्रत्येक वेळी आला की माणूस न वाचताच 'हो' दाबू लागतो. त्यापेक्षा पुसलेले बिल परत आणण्याची सोय मागून घ्यावी.

आकड्यांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि पैसा तर तेथेच बुडतो. आपल्या गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वरच्या ओळीत असतात. टेलिफोनवर १-२-३ वर असतात, आणि टॅब्लेटवर आकडे टाकायला गेले की बहुधा टेलिफोनचीच रचना उघडते. वीस वर्षे कॅल्क्युलेटरवर चाललेली बोटे न बघता ७ दाबायला जातात आणि १ पडतो. दरासाठी कॅल्क्युलेटरच्याच क्रमाची पाटी करून द्या, असे सॉफ्टवेअरवाल्याला स्पष्ट सांगावे.

हातही पाहावा लागतो. आजच्या टॅब्लेटची काच बोटाच्या स्पर्शाने होणारा विद्युत भारातील फरक ओळखते. त्यामुळे काचेवर पाण्याचे थेंब असले की यंत्र गोंधळते, साधा हातमोजा चालत नाही, घट्टे पडलेले बोट कधी कधी ओळखले जात नाही. मटणाच्या दुकानात, गॅरेजमध्ये, रंगाऱ्याकडे ही अडचण रोजची. तेथे बटणे आणखी मोठी व थोडी ठेवावीत. टॅब्लेट स्टँडवर उभा राहणार की हातात राहणार, हेही आधी सांगावे. दोन हातांत धरला तर अंगठे कडेपर्यंतच पोहोचतात. उभ्या पडद्यावर सतत हात उचलून काम केले तर खांदा दुखतो.

भाषेचा प्रश्न मराठीत एका ठिकाणी फार चांगला सुटला आहे. मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक तयार केला. २०१३ साली तो लोकांच्या हाती आला. 'क' वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते, आणि बोट न उचलता हव्या त्या अक्षराकडे सरकवायचे. शाळेत घोकलेली बाराखडीच पडद्यावर आली! इंग्रजी टंकलेखन यंत्राची नक्कल न करता लिहिणाऱ्याला आधीपासून जे येते त्यावर रचना उभी केली, हे त्यातले मर्म. मालाची नावे मराठीत टाकणाऱ्यांनी तो वापरून पाहावा.

उर्दूत काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पडदा उर्दूत करताना नुसते शब्द बदलून भागत नाही, सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे फिरवावी लागते. आकडे मात्र डावीकडूनच लिहिले जातात. नस्तालीक अक्षर वरखाली जास्त जागा घेते, म्हणून बटणाची उंचीही वाढवावी लागते.

पैसे मोजण्यापूर्वी एक बिनखर्ची चाचणी करता येते. टॅब्लेटच्या मापाचा पुठ्ठा कापून त्यावर खऱ्या मापाची बटणे पेन्सिलीने काढावीत. दुकानातल्या पोऱ्याला, मुनीमजींना आणि चष्मा लावणाऱ्या वडिलांना पाच-पाच बिले त्यावर बोट ठेवून करायला सांगावीत. कोणाचे बोट कोठे अडखळते ते आपण मागे उभे राहून टिपावे, मध्ये बोलू नये. तो पुठ्ठाच सॉफ्टवेअरवाल्याच्या हाती द्यावा, आणि ठरलेल्या रकमेचा शेवटचा हप्ता गर्दीच्या एका संध्याकाळची बिले त्या यंत्रावर करून पाहिल्यानंतरच चुकता करावा.