हरवलेल्या नोंदींची नोंद कोण ठेवणार?

नोव्हेंबर २०२५मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले आणि मुंबई-नवी मुंबईच्या कंपन्यांमध्ये एका आकड्याचा घोष सुरू झाला: एक वर्ष. लॉग, म्हणजे संगणकांच्या कामाच्या नोंदी, किमान वर्षभर जपायच्या. ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत हीच मुदत १८० दिवसांची होती. नव्या नियमाच्या तयारीला मे २०२७पर्यंत वेळ आहे, पण आमच्या खांदा कॉलनीत त्याची चर्चा आत्ताच ऐकू येते. सकाळी खांदेश्वरहून ठाणे लोकल पकडून रबाळे-ऐरोलीच्या डेटा सेंटरांत जाणारी बरीच मंडळी इथं राहतात. त्यातलाच माझा एक शेजारी. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या, सर्व्हरचे लॉग गोळा करणं हेच त्याचं काम. वर्षाचा विषय काढला तर म्हणाला, “काका, दिवस कुणीही मोजेल. ओळी मोजा म्हणावं!”

त्याचं म्हणणं समजायला आधी डीएनएसच्याच नोंदी इतक्या मोलाच्या का, ते पाहू. आत शिरलेल्या व्हायरसलाही बाहेर बोलायचं तर बहुतेक वेळा आधी पत्ता विचारावा लागतो, आणि तो विचारायचा डीएनएसलाच. मे २०१७मधला ‘वॉनाक्राय’ पसरण्याआधी एका लांबलचक, निरर्थक नावाची चौकशी करायचा. ज्यांच्याकडे लॉग होते त्यांना बाधित यंत्रं तिथंच सापडत. ‘सोलरविंड्स’ या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण याहून बोलकं. विष कालवलेलं अपडेट २०२०च्या मार्चअखेरीस बाहेर पडलं, बोभाटा झाला १३ डिसेंबरला. मधले साडेआठ महिने ते सॉफ्टवेअर ज्या नावांची चौकशी करत होतं, त्यांतच शिकार झालेल्या संस्थेचं नाव सांकेतिक रूपात दडलेलं होतं. एखाद्या बळीकडे १८० दिवसांच्याच नोंदी असत्या, तर पहिल्या खुणा केव्हाच पुसल्या गेल्या असत्या. तेव्हा वर्षाच्या मुदतीला माझी मुळीच हरकत नाही.

हरकत आहे ती गळतीबद्दल.

डीएनएस सर्व्हरचं पहिलं कर्तव्य उत्तर देणं. नोंद करणं हे मागाहून चिकटलेलं काम. प्रत्येक चौकशीची ओळ फाइलमध्ये लिहीत बसलं की सर्व्हर मंदावतो. म्हणून त्या ओळी दुसऱ्या यंत्राकडे पाठवतात. ‘सिसलॉग’ ही नोंदी पाठवायची जुनी पद्धत यूडीपीवर चालते, म्हणजे साध्या टपालासारखी: पत्र पेटीत टाकलं की आपण मोकळे. ‘डीएनएसटॅप’ हे नवं साधन बरंच हुशार, पण समोरचा घेणारा मागे पडला तर तेही नोंदी टाकून देतं. असं करणं योग्यच आहे, नोंदीपायी उत्तरं अडायला नकोत. पण नोंदी सर्वांत जास्त कधी गळतात? चौकश्यांचा लोंढा आल्यावर, म्हणजे नेमक्या हल्ल्याच्या वेळी. ऐन चोरीच्या रात्री वहीची पानं गहाळ!

यावर ‘मग जोडणी बांधून पाठवणारा टीसीपी वापरा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी राइनर गेरहार्ड्स यांना वाचावं. हा जर्मन प्रोग्रामर ‘आरसिसलॉग’चा कर्ता, २००९चं सिसलॉगचं मानकही त्याच्याच नावावर आहे. साधा टीसीपीसुद्धा नोंदी हरवतो, हे त्यानं २००८मध्येच दाखवून दिलं. पाठवणाऱ्या प्रोग्रामला ‘गेलं’ असं वाटतं, तेव्हा ती ओळ बऱ्याचदा त्याच्याच यंत्राच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून असते. मध्येच जोडणी तुटली की बफरमधलं सगळं नाहीसं, आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. यावर गेरहार्ड्सनं ‘रेल्प’ काढलं: प्रत्येक नोंदीला क्रमांक, क्रमांकागणिक पोच, पोच नाही तर पुन्हा पाठवणी. थोडक्यात, रजिस्टर एडी. (टपाल खात्यानं २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, पण पोचेची किंमत आपल्या पिढीला वेगळी सांगायला नको.) जोडीला डिस्कवर रांग ठेवली की लाइन तासभर बंद पडली तरी नोंदी थांबून राहतात. एखादी ओळ दोनदा येईल, तर येऊ दे. दुबार ओळ गाळता येते, गेलेली परत आणता येत नाही.

खरं तर ही युक्ती आपल्या सरकारी कचेऱ्यांत फार जुनी आहे. आवक-जावक वहीत ४१२ नंतर थेट ४१४ आला, तर कारकून विचारतो, तेरावा गेला कुठे? डीएनएसच्या साध्या लॉगमध्ये असा क्रमांकच नसतो, त्यामुळे भोक पडलेलं दिसतही नाही. इलाज मात्र अवघड नाही. किती चौकश्या आल्या याचा आकडा सर्व्हर स्वतः ठेवू शकतो. साठ्यात किती ओळी पोचल्या ते मोजता येतं. रोज रात्री दोन्हींची रुजुवात घालायची आणि फरक वहीत मांडायचा. दुकानदार गल्ल्याचा मेळ घालतो, तेवढंच.

नियम विचारतात मुदत. फरक विचारत नाहीत. म्हणून वर्षभराच्या भोकं पडलेल्या नोंदी दाखवूनही अनुपालनाचं प्रमाणपत्र मिळवता येईल. शिवाय हा साठा जोखमीचा. कुणाच्या घरून कोणत्या दवाखान्याच्या, कोणत्या कर्ज देणाऱ्याच्या संकेतस्थळाचं नाव विचारलं गेलं, ते यात असतं. एवढा नाजूक जिन्नस वर्षभर सांभाळायचा आणि गरजेच्या रात्री तो अपुरा निघायचा, हा सौदा तोट्याचा.

शेजाऱ्यानं स्वतःपुरता प्रयोग करून पाहिला. साप्ताहिक अहवालात त्यानं एक रकाना वाढवला: ‘न पोचलेल्या नोंदी’. पहिल्याच आठवड्यात वरून विचारणा आली, हा आकडा शून्य का नाही? त्यानं कारणं लिहून दिली, डिस्कवरच्या रांगेसाठी जागा मागितली.

दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: रकाना काढून टाका.