पांदणीवरचा स्वस्त जीपीएस

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा अमेरिका जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत होती. शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. आमच्या शिवारात तेवढ्या अंतरात एक वावर, धुरा आणि नाला सहज मावतो. मे 2000 मध्ये ती भेसळ थांबली आणि त्याच वर्षी गार्मिनचा पिवळा ईट्रेक्स आला. यंत्र पायी हिंडणाऱ्यांसाठीचं, पण आडवाटेच्या सायकलवाल्याला परवडेल असं बरीच वर्षं दुसरं फारसं नव्हतंच.

ईट्रेक्सची खरी ताकद त्याच्या पेन्सिल सेलमध्ये. 2011चा ईट्रेक्स 10 दोन सेलांवर वीसेक तास चालायचा. अमेरिकेत किंमत 120 डॉलर. भारनियमनाच्या त्या काळात मानोऱ्याकडच्या गावात चार्जिंगपुरती वीज असेलच याची खात्री नव्हती, सेल मात्र किराणा दुकानातही मिळायचे. पडद्याला रंग नव्हता, नकाशा नावापुरता होता. त्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही, कारण पांदणी कुठल्याच नकाशात धड नव्हत्या. कुणीतरी आधी जाऊन आलेल्या वाटेची रेघ तेवढी कामाची. रंगीत नकाशाच्या महागड्या यंत्राला माझा आजही हाच आक्षेप आहे: जो नकाशा दाखवायला आपण दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो, त्यात आपली वाटच नसते.

2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वेगळं यंत्र कशाला, असा प्रश्न पडू लागला. ओसमँडसारख्या अ‍ॅपमध्ये नकाशा उतरवून ठेवला की रेंज नसली तरी चालतं. पण एप्रिलच्या उन्हात हँडलवरचा फोन तापून बंद पडतो, घामेजल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि गोट्यांवरच्या दणक्यांनी कॅमेराही बिघडू शकतो. फोन खिशातच बरा, अडल्यावर काढावा.

मग छोट्या यंत्रांची पिढी आली. 2018चा गार्मिन एज 130 पाच बटणांचा, दोनशे डॉलरचा. तैवानच्या ब्रायटनने 2019 मध्ये रायडर 420 आणला, बॅटरीचा दावा 35 तासांचा. चीनच्या आयजीपीस्पोर्ट आणि झॉसने किंमत आणखी खाली ओढली. इथे मात्र अनेकजण फसले. झॉसचं ‘जी’ हे यंत्र फक्त गेलेली वाट नोंदवतं, पुढची दाखवत नाही. म्हणून किमतीच्या आधी विचारायचं ते एवढंच, की वाटेच्या रेघेची जीपीएक्स फाइल टाकून त्या रेघेवरून जाता येतं का? त्यानंतर बटणं. काळ्या मातीने भरलेल्या हातांनी टचस्क्रीन चालवून पाहिलेला माणूस पुन्हा बटणांकडेच वळतो.

दोन वारंवारतांवर चालणाऱ्या महागड्या चिपचा मोह इथे टाळलेला बरा. सह्याद्रीच्या घळीत तिचा उपयोग होतो. वाशिमला आभाळ उघडं. काटेपूर्णाकडचं रान पानगळीचं, कारंजा-सोहोळकडे तर गवताळ माळच. (ऑटो-पॉज मात्र आधी बंद करावं. चिखलात सायकल ढकलताना वेग इतका पडतो, की आपण थांबलोय असं समजून यंत्र मोजणंच सोडून देतं.)

2019मध्ये समृद्धी महामार्गाचं काम सुरू झालं आणि जुन्या रेघांचा घोळ झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या बाजूला ज्या वाटा वर्षानुवर्षं सरळ जात होत्या, त्या भरावाला जाऊन धडकू लागल्या. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर सायकलला मनाई, त्यामुळे पलीकडे जायचं तर खालचा बोगदा शोधा. यंत्र निमूटपणे सरळच दाखवत राही. त्यातच 2021च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेने काही पांदणींवर मुरूम-खडी पडली, आणि पूर्वी पावसाळ्यात सोडून द्याव्या लागणाऱ्या वाटाही जाण्याजोग्या झाल्या.

जुन्या फायली त्यामुळे टाकाऊ ठरल्या. शिवार पुन्हा पालथं घालणं आलं. या कामाला ती नोंदवण्यापुरतीच असलेली स्वस्त यंत्रं पुरतात. बोगदा कुठे, कुठली पांदण भरावापाशी संपते, एवढं टिपून रेघ व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली की बाकीचे ती आपल्या यंत्रात टाकून निघतात. दहाजणांच्या गटात वाट दाखवणारी दोन यंत्रं असली तरी भागतं.