पिल्लांच्या काळजावर चुना दिसला तर

ब्रॉयलरची, आपल्या तोंडी बॉयलरची, पिल्लं आठ-दहा दिवसांची होतात आणि अचानक मरतूक सुरू होते. मेलेलं पिल्लू फाडलं की काळजावर, यकृतावर चुना शिंपडल्यासारखा पांढरा थर. याला गाऊट म्हणतात. हा चुना नव्हे, हे युरिक ॲसिड.

कोंबडीला मूत्राशय नसतं. शिटेतला पांढरा भाग हीच तिची लघवी. मूत्रपिंडं कंबरेच्या हाडाच्या खाचेत, दोन्ही बाजूंना असतात. ती बिघडली की ही घाण रक्तात साठते आणि अवयवांवर बसते. मूत्रपिंडं सुजून फिकी पडतात. शिट पातळ पांढरी होते, पिल्लं मलूल बसतात.

बिघडवणारे विषाणू मुख्यत्वे दोन प्रकारचे. ब्राँकायटिसमध्ये आधी शिंका, घरघर, मग काही जातींचा विषाणू मूत्रपिंडात उतरतो. दुसरा ॲस्ट्रोव्हायरस. तो अगदी लहान पिल्लांना गाठतो, शिटेतून पसरतो आणि अंड्यातूनही येऊ शकतो. पण नुसत्या पाण्याच्या टंचाईनेही गाऊट होतो. लेयरचं खाद्य घातलं तरी होतो, कारण त्यात ब्रॉयलरच्या तिपटीहून जास्त कॅल्शियम असतं. बुरशीचा मका, पाण्यात जास्त सोडा किंवा मीठ, हीही कारणं. म्हणून दोन-तीन ताजी मेलेली पिल्लं घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. डोळ्यांनी बघून विषाणू कोणता ते कुणालाच सांगता येत नाही.

दुकानदार लगेच अँटिबायोटिकची बाटली पुढे करतो. विषाणूवर ती चालत नाही, आणि काही औषधं तर आजारी मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पैसे घालू नका. गटाचं कर्ज तेवढ्यानेही वाढतं.

पिल्लांना लागतं ते पाणी आणि ऊब. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३२ ते ३४ अंश. गारठलेली पिल्लं पाण्यापर्यंत जातच नाहीत. भांडी वाढवा, रात्रीही भरलेली ठेवा. डॉक्टर बहुधा दोन-तीन दिवस भरडलेला मका वाढवून प्रथिनं कमी करायला सांगतात.

ब्राँकायटिसची लस असते, पिल्लं घेताना ती दिली का ते विचारून वहीत लिहून घ्या. मेलेली पिल्लं ओढ्यात टाकू नका, खड्ड्यात चुना घालून पुरा. लॉट गेल्यावर सगळं तूस बाहेर काढा, शेड धुऊन चुना मारा, आणि दोन आठवडे ती रिकामीच राहू द्या.