देवळाच्या आवारातील रात्रीचे नाट्यगृह

महानगरांत रात्रीच्या करमणुकीसाठी नाट्यगृहे, चित्रपटगृहे आणि दिव्यांनी उजळलेले रस्ते असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील शिरोडा गावी हे कार्य जत्रेच्या रात्री देवळाचे आवार करते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने देशभर परिचित झालेले आणि वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात जेथे अध्यापन केले, ते हे गाव. एरवी येथे लवकर निजानीज होते. श्रीदेवी माऊलीच्या जत्रेला मात्र पहाटेपर्यंत जाग असते.

जत्रांचा हंगाम

भातकापणी आटोपली, तुळशीची लग्ने लागली की दक्षिण कोकणात जत्रांना आरंभ होतो. सावंतवाडी तालुक्यातील सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरते. शिरोड्याच्या शेजारचे आरवलीचे वेतोबा देवस्थानही भाविकांना सुपरिचित आहे. जत्रेत सायंकाळपासून देवीच्या ओट्या भरल्या जातात. वाटेच्या दुतर्फा खाज्याची, खेळण्यांची, चहा-भज्यांची दुकाने लागतात. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, माहेरवाशिणी भेटतात. रात्री पालखीची प्रदक्षिणा होते आणि त्यानंतर सर्वांचे लक्ष लागते ते दशावताराकडे.

प्रयोगाची रीत

दशावतारी खेळाचा उल्लेख समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त आढळतो, म्हणजे सतराव्या शतकात हा खेळ महाराष्ट्रास परिचित होता. मालवणी मुलखात त्यास ‘धयकालो’ असेही म्हणतात. पूर्वरंगास ‘आड दशावतार’ असे नाव आहे. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती व ब्रह्मदेव येतात आणि वेद चोरणाऱ्या शंखासुराचा विष्णूच्या हातून वध होतो. काळ्या वेषातील हा शंखासुर मालवणीत बोलून प्रेक्षकांना मनमुराद हसवितो. उत्तररंगात पुराणातील एखादे आख्यान रंगते. पहाटे दहीहंडी फुटते आणि खेळाची सांगता होते.

या रंगभूमीस लिखित संहितेची गरज नसते. आख्यान ठरले की नट आपापली रंगरंगोटी स्वतः करतात आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. त्यासाठी पुराणकथांची उत्तम जाण व हजरजबाबीपणा आवश्यक असतो. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज असते. नेपथ्य म्हणजे केवळ एक बाकडे. तेच राजाचे सिंहासन होते आणि तेच वनातील शिळा.

लोकाश्रयाचा आधार

मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर ही दशावतारी मंडळांची नावेच गावांवरून आलेली आहेत. त्यांपैकी मोचेमाड तर शिरोड्याच्या जवळचेच. जत्रेतील प्रयोगास तिकीट नसते. देवस्थान व गावकरी बिदागी देतात, कोणी नवस फेडण्यासाठी नाटक ठेवतो आणि रसिक एखाद्या नटास बक्षीस देतो. त्यामुळे मोलमजुरी करणारा आणि सावकार एकाच अंगणात, एकाच चटईवर बसून खेळ पाहतात.

याच व्यवस्थेत कलावंताची अडचणही आहे. रात्रभर उभे राहावयाचे, दिवसा मिळेल तेवढी विश्रांती घ्यावयाची आणि सायंकाळी पुढचे गाव गाठावयाचे, असा त्याचा हंगाम असतो. पावसाळ्यात अनेकांना शेतीवर भागवावे लागते. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे जत्रांवर निर्बंध आले, तेव्हा प्रयोगांबरोबर या कुटुंबांची मिळकतही थांबली. जत्रा हा कलावंतांच्या चरितार्थाचाही प्रश्न आहे, हे त्या काळात स्पष्ट झाले.

पुढील वाट

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. तथापि उतारवयातील साहाय्याइतकेच नव्या नटांच्या शिक्षणाकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे. ज्या कलेची संहिता कागदावर नसून नटाच्या स्मरणात असते, तिचा एक जाणता नट गेला की अनेक आख्यानांची मांडणी त्याच्याबरोबर जाते. जुन्या नटांच्या प्रयोगांचे ध्वनिचित्रमुद्रण आणि त्यांच्या सहवासात तरुणांची तयारी ही कामे म्हणूनच एकत्र व्हावयास हवीत. मुद्रण सुरात उच्चारलेले शब्द जपेल. परंतु समोरच्या प्रेक्षकाचा कल ओळखून संवाद रचण्याचे कसब जत्रेच्या अंगणातच अंगी बाणते. ते अंगण पहाटेपर्यंत भरलेले राहणे, हाच या कलेचा खरा आश्रय होय.